९ व्होल्टच्या बॅटरीवर वायफाय सुरू होताच ईएसपी८२६६ रीसेट का होतो?

कोड तपासत बसू नका, दोष पॉवर सप्लायमध्ये आहे. वायफाय चालू होताना ईएसपी८२६६ (तुमच्या सेन्सरमधली वायफायची चिप) क्षणभर ३०० मिलिअँपिअरच्या वर करंट ओढतो. चौकोनी ९ व्होल्टच्या बॅटरीला तेवढा झेपत नाही, व्होल्टेज कोसळतं आणि चिप रीसेट होते. मल्टिमीटरवर हे दिसणार नाही. तो मंद असतो, चिपला मिळणाऱ्या व्होल्टेजचा आकडा ३.३ वरच राहतो.

शिवाय बॅटरीचे ९ व्होल्ट ५ वर आणणारा ७८०५ रेग्युलेटर काही काम नसतानाही स्वतःच ५ मिलिअँपिअरच्या आसपास खातो. बॅटरी जेमतेम ५०० मिलिअँपिअर-तासांची. म्हणजे सेन्सर झोपलेला असला तरी चार दिवसांत ती संपली!

माझं मत विचाराल तर प्रोटेक्शन सर्किट असलेला एक १८६५० लिथियम सेल घ्या. तो भरलेला असताना ४.२ व्होल्ट देतो, उतरताना ३ पर्यंत जातो. इथे चिपला लागणारे ३.३ व्होल्ट मिळवायला बरेच जण एएमएस१११७ रेग्युलेटर लावतात आणि फसतात: त्याला आउटपुटपेक्षा साधारण १.१ व्होल्ट जास्त लागतात, म्हणजे ४.४. एवढं तर पूर्ण भरलेला सेलही देत नाही. त्याऐवजी एचटी७८३३ रेग्युलेटर वापरा. तो ५०० मिलिअँपिअर देतो आणि स्वतः काही मायक्रोअँपिअरवर भागवतो.

आणि करंटचा तो क्षणिक झटका पेलायला ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर चिपच्या पॉवर पिनांना अगदी चिकटून सोल्डर करा. ब्रेडबोर्डच्या लांब वायरींच्या टोकाला लावलात तर अर्धा फायदा तिथेच जातो.

तुमचा सेन्सर तासातून एकदाच रीडिंग पाठवतो, तेव्हा मधल्या वेळेत डीप स्लीप (चिप जवळजवळ बंद ठेवणारा मोड) हवाच.