जुन्या घरात नवी बाथरूम: माजघरात की मागच्या पडवीत?

प्रश्न : राजापूर तालुक्यात आमचं जुनं चिरेबंदी कौलारू घर आहे. न्हाणीघर आणि संडास मागे अंगणात. आईला रात्री तिथवर जाणं आता झेपत नाही. ती बाळंतिणीच्या खोलीत झोपते. भाऊ म्हणतो, माजघराचा कोपरा अडवून बाथरूम करू. ते बरोबर होईल का?

उत्तर : माजघराला हात लावू नका. आईच्या खोलीची जी भिंत मागच्या पडवीला लागून आहे, तिच्या पलीकडे बाथरूम घ्या. कारण उताराचं आहे. संडासाच्या 110 मिमी पाइपाला दर 40 फुटांना 1 फूट उतार हवा. माजघरापासून मैल्याची टाकी (सेप्टिक टँक) 50 फुटांवर धरली, तर पाइप टाकीच्या तोंडाशी सव्वा फूट खाली जातो, आणि वाटेत दोन भिंतींचे पाये फोडावे लागतात. उतार कमी ठेवला की मैला मागे राहतो आणि पाइप तुंबतो. शिवाय माजघराला बाहेरची भिंत नाही, म्हणजे खिडकी नाही. चिऱ्यांचा जांभा दगड पाणी शोषतो, त्यामुळे ओल आजूबाजूच्या खोल्यांत उतरेल.

पडवीची जमीन सहसा आतल्यापेक्षा सहा-आठ इंच खाली असते. ही अडचण नव्हे, सोयच आहे. तेवढी भर घाला. नहाणी ट्रॅप (फरशीतल्या जाळीखालचं, वास अडवणारं पाण्याचं भांडं) आणि पाइप त्या भरावातच बसतात, आणि बाथरूमची फरशी खोलीपेक्षा जेमतेम अर्धा इंच खाली राहते. आईला पायरी उतरावी लागत नाही. पण भर घातल्यावर डोक्यावर किती उंची उरते, हे आधी टेपने मोजा. वासे बाहेरच्या बाजूला उतरत जातात, म्हणून कमोडची पाठ त्या कमी उंचीच्या भिंतीला लावा. माणूस उठतो तो पुढे, उंच बाजूला. पी-ट्रॅपचा, म्हणजे मागच्या बाजूला तोंड असलेला कमोड घेतलात तर पाइप भिंतीतून सरळ बाहेर पडतो. बाहेरच्या वळणावर साधा एल्बो नको, झाकणाचा डोअर बेंड बसवा. तुंबलं तर तिथून साफ करता येतं. हवेचा पाइप कौलांच्या वर काढा, नाहीतर फ्लशबरोबर ट्रॅपमधलं पाणी ओढलं जाऊन घरात वास येतो.

दार 3 फुटी आणि बाहेर उघडणारं ठेवा. आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं. दारासाठी चिरे काढण्याआधी वर तुळई टेकली आहे का, ते बघा. असेल तर दार सरकवा. टेकू देऊनच फोडा, आणि लिंटेल (दारावरची आडवी पट्टी) दोन्ही बाजूंना 9 इंच भिंतीवर बसू द्या, कारण मातीत बांधलेल्या भिंतीची कड ढासळते. नळाचे पाइपही या जुन्या भिंतीत खाचा मारून नेऊ नका, नव्या विटांच्या भिंतीतून न्या.

टाकीतलं पाणी जमिनीत जिरवणारा शोषखड्डा विहिरीपासून किमान 18 मीटर हवा. जांभ्यातल्या भेगांतून पाणी लांब जातं, म्हणून जागा असेल तर आणखी दूर आणि विहिरीच्या खालच्या उताराला घ्या. आंघोळीचं पाणी टाकीत नकोच. ते 75 मिमी पाइपाने वेगळं काढून केळीच्या आळ्यात सोडा.

वॉटरप्रूफिंग झाल्यावर, टाइल्स लावण्याआधी ट्रॅपला बोळा घालून 2 इंच पाणी 48 तास साठवा. खोलीकडच्या भिंतीला ओल आली, तर सगळ्यात आधी ट्रॅपच्या गळ्याभोवतीचा सांधा उकरून बघा.