नाडेप टाक्यातला (खतासाठी भोकं ठेवून बांधलेल्या विटांच्या टाक्यातला) कचरा दोन महिन्यांनीही कुजला नाही, काय करावं?
टाकं रिकामं करू नका, आधी पाणी द्या. बहुतेक वेळा ओलच कमी पडलेली असते. थोडं उकरून मूठभर कचरा पिळा, बोटं ओलसर झाली पाहिजेत. विटांच्या भोकांतून हवा मिळते म्हणून तर कचरा कुजतो, पण आपल्या विदर्भाच्या उन्हात त्याच भोकांतून तो वाळतोही. वरच्या लिंपणाच्या भेगा शेणमातीनं बुजवा, भोकांतून शेणपाणी शिंपडा. शेण मात्र वाढवत बसू नका. पुसदच्या नारायण पांढरीपांडे यांनी ही पद्धत बसवली तीच मुळी कमी शेणात भरपूर खत व्हावं म्हणून. ओल टिकली तर साधारण ९० ते १२० दिवसांत खत होतं. अख्ख्या पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं) भरल्या असतील तर मात्र नुसत्या पाण्यानं भागणार नाही, त्या काढून बारीक तुकडे करूनच भरा.