एका लेकराची जीप आणि 412 जणांची गोळी

प्रश्न : डॉक्टरसाहेब, मी आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीवर आहे. वर्षाला पावणेदोन लाख हातात येतात. त्यातले 50 हजार उन्हाळ्यातले टँकर, साफसफाई आणि किरकोळ दुरुस्तीतच जातात. उरलेल्या सव्वा लाखावरून गावात तंटा पेटलाय. गावातल्या 19 वर्षांच्या पोराच्या दोन्ही किडन्या गेल्यात. आठवड्यातून दोनदा अंबाजोगाईला डायलिसिस. ते योजनेतून फुकट होतं, पण जीपवाला एका खेपेचे 1,200 रुपये घेतो. बाप नाही, आई रोजानं जाते. पोरगं हुशार आहे, बारावीला 82 टक्के पडले, म्हणून समितीनंच भाडं द्यावं असं निम्मं गाव म्हणतंय. इकडं बाळंतपणाच्या खोलीतला इन्व्हर्टर बंद पडलाय. बॅटऱ्यांसह 48 हजार लागतात. मागच्या महिन्यात मोबाईलच्या उजेडात बाळंतपण झालं. बीपीच्या गोळ्या वर्षातले दोन-तीन महिने नसतातच, आणि रजिस्टरला 412 पेशंट आहेत. मी आधी इन्व्हर्टर आणि गोळ्या म्हणाले, तर बाया मला म्हणतात, तुला काळीज आहे का? मी चुकले का?
— समितीची एक सदस्य, धारूर तालुका

उत्तर : ताई, तुम्ही चुकला नाहीत. पण त्या बायाही चुकल्या नाहीत, म्हणून हे पत्र चार दिवस टेबलावर ठेवून मग लिहायला बसलो.

आधी हिशोब मांडू. महिन्याला आठ खेपा धरल्या तर 9,600 रुपये, वर्षाचे 1 लाख 15 हजार. म्हणजे सव्वा लाख जवळजवळ संपले. बीपीची साधी अॅम्लोडिपिनची गोळी रुपयाला एक धरा (जनऔषधीत त्याहूनही स्वस्त पडते). 412 जणांची तीन महिन्यांची तूट 37 हजारांत भरून निघते. त्यात इन्व्हर्टरचे 48 मिळवले की 85 हजार. 40 हजार तरीही शिल्लक राहतात.

अडचण अशी की ते पोरगं सगळ्या गावाला दिसतं. सुजलेला चेहरा, हातावरची पट्टी, आईची धावपळ, सगळं डोळ्यांसमोर. त्या 412 जणांपैकी पाच-दहा वर्षांनी कोणाची किडनी जाणार, कोणाला लकवा मारणार, हे आज कोणालाच दिसत नाही. पण किडनी निकामी होण्याची सगळ्यात मोठी कारणं दोनच, शुगर आणि बीपी. तीन महिने गोळी तुटली की पुढच्या डायलिसिसवाल्यांची रांग आपणच लावत असतो. आपल्याच जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर कोकणात बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात होते. विंचू चावलेल्या दहा जणांमागं तीन-चार दगावत, तिथं त्यांनी प्राझोसिन नावाची रक्तदाबाचीच गोळी वापरली आणि मरणाचं प्रमाण शंभरात एकावर आलं. प्राथमिक केंद्रात स्वस्त गोळी वेळेवर असणं किती मोठी गोष्ट असते, ते तिथं दिसलं. म्हणून 412 हा आकडा तुम्ही सभेत लाजून नका सांगू.

'हुशार आहे म्हणून' हे कारण मात्र सभेत कोणालाही मांडू देऊ नका. अमेरिकेत सिएटल शहरात 1962 साली डायलिसिसची यंत्रं मोजकीच होती. यंत्र कोणाला द्यायचं हे ठरवायला गावातल्या सात जणांची समिती बसवली. त्यांनी नोकरी, शिक्षण, लग्न झालंय का, चर्चला जातो का, असलं सगळं पाहिलं. हे बाहेर आल्यावर देशभर टीका झाली, आणि 1972 मध्ये तिथल्या सरकारला डायलिसिसचा खर्च कायद्यानं उचलावा लागला. बारावीला नापास झालेल्या पोराची किडनी काही कमी दुखत नाही, ताई.

माझा एक अनुभव सांगतो. 2011 च्या सोयाबीन काढणीचे दिवस. रात्री नऊच्या सुमारास अर्ध्या तासाच्या अंतरानं साप चावलेले दोघं आले. आधी एका मोठ्या घरचा मुलगा, मागून एक सालगड्याची बायको. कपाटात सर्पदंशाच्या लसीच्या दहा बाटल्या, म्हणजे एकाचाच पहिला डोस. वाटून देण्यात अर्थ नव्हता. मुलासोबत वीसेक माणसं होती आणि फोनवर फोन येत होते. बाईसोबत फक्त तिची सासू. आमच्या भिंतीवर मी एक कागद चिकटवला होता : काचेच्या नळीत रक्त घ्यायचं, 20 मिनिटं हलवायचं नाही, गोठलं नाही तर लस. दोघांच्या नळ्या शेजारी शेजारी ठेवल्या. मुलाचं रक्त गोठलं, बाईचं पाण्यासारखं राहिलं. घोणस होती. दहाच्या दहा बाटल्या तिला दिल्या, आणखी बाटल्या आणायला ग्रामीण रुग्णालयाकडं जीप पाठवली, आणि मुलाला रात्रभर नजरेखाली ठेवलं. दोघंही वाचले. त्या रात्री मला कोणी हात लावला नाही, कारण भिंतीवरचा कागद आधीपासून तिथं होता. तो कागद नसता तर मी फोनपुढं वाकलो नसतो असं मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही.

तुमच्याकडंही तसाच कागद हवा. राहिलेल्या 40 हजारांसाठी नियम लिहा : कोणाला, कशासाठी, किती, आणि निर्णय पटला नाही तर दाद कोणाकडं मागायची. आणि आरोग्यसेविकेला विचारा, केंद्राखालच्या सगळ्या गावांत डायलिसिसला जाणारा हा एकटाच आहे का? मला शंका आहे. एखाद्या तांड्यावरची म्हातारी कोणाला न सांगता खेपा चुकवत असेल. तिच्यासाठी निम्मं गाव सभेला येणार नाही. नियम तिलाही तोच लागला पाहिजे.

आता पावणेदोन लाखांबद्दल. सपाटीवर एक प्राथमिक केंद्र 30 हजार लोकांसाठी असतं. भागाकार करा, माणशी सहा रुपयेसुद्धा येत नाहीत. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सरकारी आरोग्य खर्च 2025 पर्यंत देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर न्यायचं ठरलं होतं, आणि त्यातला दोन तृतीयांश प्राथमिक सेवेला. 2021-22 मध्ये तो 1.84 टक्के होता. मराठवाड्याला हे नवीन नाही. राज्य सरकारच्या दांडेकर समितीनं 1984 मध्येच आपला विकासातला अनुशेष मोजून कागदावर आणला होता. सारखं वाटणं म्हणजे न्याय नव्हे, जो मागं राहिला त्याला आधी द्यायचं, हे आपण मुंबईला वर्षानुवर्षं सांगत आलो. तेच आपल्या तालुक्यातल्या तांड्या-वाड्यांनाही लागू करू. गोळ्या कोणत्या महिन्यात संपल्या याची तारीखवार नोंद ठेवा आणि दर तिमाहीला तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी द्या, पोच घेऊन. समितीच्या पैशातून गोळ्या आणणं ही सवय होऊ देऊ नका. त्या पुरवणं हे सरकारचंच काम आहे.

पोराचं काय? त्याच्या घरी तुम्ही स्वतः जा, सभेच्या आधी. त्याच्या आईला निर्णय पारावर दुसऱ्याच्या तोंडून कळू नये. तिला हिशोब समोर ठेवून सांगा. ती रडेल, चिडेल, तेवढं ऐकून घ्या. ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतून काही देता येतं का ते ग्रामसेवकाला विचारा. जे निम्मं गाव समितीकडं बोट दाखवतंय त्यांनी महिन्याला घरटी 20 रुपये काढले, तर पाचशे घरांचे 10 हजार होतात. जीपचं भाडं त्यात निघतं. एसटीत डायलिसिसच्या रुग्णांना प्रवास सवलत आहे, आणि 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट. डायलिसिसला जाताना एसटी आणि थकून परतताना जीप, एवढं जमलं तरी खर्च जवळपास निम्म्यावर येईल.

पोराच्या आईकडं जाताना मोकळ्या हातानं जाऊ नका. आधी आगारात जाऊन सवलतीला कोणते कागद लागतात ते विचारून या, आणि अर्ज भरूनच न्या. तिची फक्त सही राहू द्या.