जुन्या टू-स्ट्रोक आउटबोर्डला बायोडिग्रेडेबल ऑइल चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मालवणजवळच्या देवबागला तुमची होमस्टे आहे, पर्यटकांना खाडी समुद्राला मिळते त्या संगमापर्यंत फिरवायला एक फायबर होडी आहे आणि तिला ४० हॉर्सपॉवरचं जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन आहे. जर्मनीतला भाऊ म्हणतो की तिकडे तळ्यांवर बायोडिग्रेडेबल, म्हणजे जीवाणू खाऊन संपवू शकतील असं ऑइल वापरतात, तूही वापर. इंजिन सीझ होईल का, म्हणजे आतून अडकून बसेल का, आणि खाडीला खरंच फरक पडेल का, हे तुम्हाला हवं आहे.

मी मालवणात १८ वर्षं आउटबोर्ड इंजिनं खोलतोय. माझं उत्तर: डब्यावर टीसी-डब्ल्यू३ (पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनांच्या ऑइलचं मानक) लिहिलेलं असेल तर जरूर टाका, पावसाळ्याआधी नीट काळजी घेतली तर इंजिनाला काही होत नाही. खाडीला फरक पडतो, पण तो किती आणि कुठे पडतो हे समजून घेतलं नाही तर पैसे जातील आणि मनाला खोटं समाधान मिळेल.

टू-स्ट्रोकला चार-स्ट्रोकसारखी खाली ऑइलची वेगळी साठवण नसते. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेलं असतं. ते मिश्रण आधी क्रँककेसमधून, म्हणजे सिलिंडरखालच्या बंद पेटीतून जातं, बेअरिंग ओली करतं आणि मग वर सिलिंडरमध्ये येतं. अडचण इथेच आहे. नवं मिश्रण आत येत असतं तेव्हा धूर बाहेर जायची वाटही उघडीच असते, त्यामुळे धुराबरोबर ताजं मिश्रणही निसटतं. कार्ब्युरेटरच्या जुन्या इंजिनात पेट्रोलचा चौथा ते तिसरा हिस्सा असा न जळताच जातो. मोटारसायकलीत तो हवेत जातो. आउटबोर्डचा धूर मात्र पंख्याच्या मधल्या भोकातून पाण्याखाली सुटतो, म्हणजे निसटलेलं सगळं थेट पाण्यात. सकाळी पाणी निवांत असताना इंजिन चालू केलं की मागे इंद्रधनुष्यासारखा तवंग पसरतो, तो हाच.

हिशेब करून बघा. दिवसाला २० लिटर पेट्रोल जाळलंत आणि मिश्रण ५०ला १ असेल, तर ऑइल पडलं ४०० मिली. चौथा हिस्सा निसटला असं धरलं तरी ५ लिटर पेट्रोल आणि १०० मिली ऑइल खाडीत गेलं. हे एका होडीचं, एका दिवसाचं. मे महिन्यात संगमावर किती होड्या असतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

यातलं पेट्रोल बरंचसं उडून जातं. जाईपर्यंत त्यातलं बेंझीन आणि तसलं बाकीचं माशांच्या पिल्लांना बाधतं, पण ते फार काळ राहत नाही. ऑइल उडत नाही. ते चिखलात बसतं, कांदळाच्या मुळांना चिकटतं, कालवांच्या खडकांवर चढतं. कालवं, तिसऱ्या, खुबे सगळे पाणी गाळून पोट भरतात, त्यामुळे पाण्यात जे असेल ते त्यांच्या अंगात जातं. एका मे महिन्यात माझ्या आईने खाडीतल्या तिसऱ्या उकडल्या आणि टोप तसाच उचलून परसात ओतला. घरभर इंजिनाचा वास सुटला होता. धंदा माझा इंजिनाचा आणि जेवण खाडीचं, त्यामुळे त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

बायोडिग्रेडेबल ऑइलचा उपयोग होतो तो त्या १०० मिलीपुरता. पाण्यातले जीवाणू ते खाऊन संपवू शकतात, साधं खनिज ऑइल त्या मानाने फार सावकाश संपतं. पण हा शब्द डब्यावर कोणीही छापू शकतो, म्हणून त्याखाली कोणती चाचणी लिहिली आहे ते वाचा. ओईसीडी ३०१बी असेल तर २८ दिवसांत किमान ६० टक्के विघटन व्हावं लागतं. जुन्या डब्यांवर सीईसी एल-३३ दिसतं. ती २१ दिवसांची चाचणी मुळात आउटबोर्डच्या टू-स्ट्रोक ऑइलसाठीच बसवली होती. दोन्हींत दिवस किती आहेत ते बघा. ऑइल पाण्यात पडलं आणि नाहीसं झालं असं होत नाही, महिनाभर ते असतंच.

आणखी एका गोष्टीत लोक फसतात. ‘लो स्मोक’ म्हणजे बायोडिग्रेडेबल नव्हे. धूर कमी करायला त्या ऑइलमध्ये पॉलिआयसोब्युटिलीन नावाचं रसायन घालतात. ते स्वच्छ जळतं म्हणून धूर दिसत नाही, पण न जळता पाण्यात गेलं तर जीवाणूंना ते पचवणं जड जातं. होडीच्या मागे धूर नाही म्हणून खाडी खूश आहे असं समजू नका.

भाऊ सांगतो ते खरं आहे, फक्त अर्धं आहे. जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया यांच्यामधल्या बोडनझे तळ्यातून लाखो लोकांच्या घरी पिण्याचं पाणी जातं. तिथे १९९३ पासून होड्यांच्या इंजिनांच्या धुरावरच मर्यादा आहेत, आणि जुनी कार्ब्युरेटरवाली टू-स्ट्रोक त्यात बसणं कठीण. अमेरिकेतल्या टाहो तळ्यावर १ जून १९९९ पासून कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोकना बंदी आली. तिकडच्याच यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाइल गाड्या टू-स्ट्रोक होत्या. १९९०च्या दशकात तिथे बायोडिग्रेडेबल ऑइल आणि १० टक्के एथेनॉलचं पेट्रोल वापरून पाहिलं. धूर काहीसा कमी झाला, पण निसटणारं पेट्रोल निसटतच राहिलं, आणि पुढे उद्यानात बहुतेक चार-स्ट्रोक गाड्याच आल्या. म्हणून उद्या पैसे हाताशी आले तर चार-स्ट्रोक घ्या. तोवर ऑइल बदला. ‘इंजिन बदलणं जमत नाही तर ऑइल तरी कशाला’ हा विचार मला मान्य नाही. ते १०० मिली आपल्याच तिसऱ्यांत जातं.

आता इंजिनाचं बोलू.

ही ऑइलं बहुधा एस्टरची, म्हणजे आम्ल आणि अल्कोहोल जोडून बनवलेल्या तेलाची असतात, आणि एस्टर वंगण म्हणून उत्तम. बेअरिंगला धरून राहतं. मोठा दोष एक, ते पाणी ओढतं आणि पाण्याबरोबर हळूहळू तुटून आम्ल तयार होतं. हे मी माझ्याच होडीवर शिकलो. पहिल्या वर्षी हौसेने ते ऑइल वापरलं, सीझन छान गेला. मेअखेर होडी वर ओढली, शाकारून ठेवली आणि टाकीत उरलेलं मिश्रण तसंच सोडलं. सप्टेंबरात इंजिन ओढलं तर आतून करकर आवाज. खोललं तेव्हा क्रँकच्या बेअरिंगमधल्या सुया गंजलेल्या होत्या. तीन महिन्यांचा आपला पाऊस आणि दमट हवा त्या ऑइलला मानवत नाही.

त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के एथेनॉल आहे. एथेनॉलही पाणी ओढतं. टाकीत पाणी जास्त शिरलं की एथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी बसतात, आणि त्या थरात ऑइल जवळजवळ नसतंच. नळी मात्र तळातूनच ओढते. तेव्हा इंजिन सीझ होतं आणि दोष बिचाऱ्या ऑइलला मिळतो. म्हणून मिश्रण दोन-तीन दिवसांपुरतंच करा, टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रू उभ्या होडीत बंद ठेवा, आणि पाऊस जवळ आला की टाकी रिकामी करा, गोड्या पाण्याने इंजिन धुवा, कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत चालवा आणि प्लगच्या भोकातून साठवणीचं साधं खनिज ऑइल सोडून चाक दोनदा हाताने फिरवा. पावसाळ्यापुरतं खनिज ऑइल बरं, ते सिलिंडरमध्येच राहतं.

सुरुवातीला जुनं मिश्रण पूर्ण काढून टाका. दोन प्रकारची ऑइलं एकत्र केली की कधीकधी जेलीसारखं होतं. एस्टर जुना कार्बनही सोडवतं, त्यामुळे पहिल्या आठवड्यात फिल्टरमध्ये काळं येईल. घाबरू नका, फिल्टर साफ करा. रबरी नळ्या जुन्या असतील तर त्याच वेळी बदला, काही रबर एस्टरने फुगतं.

मोटारसायकलचं टू-टी ऑइल बायोडिग्रेडेबल म्हणून मिळालं तरी आउटबोर्डला नको. ते हवेवर थंड होणाऱ्या तापट इंजिनासाठी असतं आणि त्यात धातूची रसायनं असतात. आपलं इंजिन समुद्राच्या पाण्याने थंड राहतं. त्यात ती राख प्लगवर आणि पिस्टनवर बसते. टीसी-डब्ल्यू३ मध्ये राख करणारं काही नसतं, म्हणून मी त्या अक्षरांवर अडून बसतो.

कोणीतरी तुम्हाला एरंडेल सांगेल. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या फिरत्या इंजिनांत आणि शर्यतीच्या गाड्यांत एरंडेल खरंच चालायचं, पण ती इंजिनं पुन्हापुन्हा खोलून साफ करत. आपल्या इंजिनात ते पेट्रोलमध्ये नीट मिसळत नाही आणि जळून लाखेसारखं रिंगांना चिकटतं. खोबरेल तर २४-२५ अंशांना थिजतं, डिसेंबरच्या पहाटे डब्यातच गोठेल.

मिश्रणाचं प्रमाण वाढवू नका. ‘थोडं जास्त टाकलं तर इंजिनाला बरं’ म्हणून ५०च्या जागी ३० करणारे पुष्कळ आहेत, आणि त्या वरच्या ऑइलचाही हिस्सा सरळ खाडीत जातो. तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात ५०ला १ असेल तर २४ लिटरच्या टाकीला ४८० मिली, मापाच्या बाटलीने. डोळ्यांनी अंदाज नको. आणि भरणं वाळूवर, फनेल लावून, होडी पाण्यात हलत असताना नाही. एक सांडलेली बाटली म्हणजे पाचेक दिवसांचा निसटलेला हिशेब.

नवं ऑइल टाकल्यावर २० तास चालवा आणि प्लग काढून बघा. टोक फिक्या कॉफीच्या रंगाचं आणि कोरडं असेल तर जमलं. काळं आणि ओलं असेल तर कार्ब्युरेटर जास्त पेट्रोल देतोय, तो आधी बसवून घ्या, ऑइलला हात लावू नका. पांढरट असेल तर इंजिन लगेच बंद करा आणि थंडाव्याचं पाणी नीट येतंय का ते बघा. देवबागच्या वाळूने पंपाचं रबर लवकर झिजतं.