'मंजूर' बटणाच्या भरवशावर राहू नकोस

"कंटाळवाणं ते यंत्राला, डोकं लागेल ते माणसाला" अशी वाटणी, कामं संगणकावर सोपवताना, सुरुवातीला मीही करायचो. मग माणसाच्या वाट्याला उरतं ते स्क्रीनकडे बघत बसणं, आणि त्यात आपण फार कच्चे. २००९ साली एअर फ्रान्सचं ४४७ विमान अटलांटिकवर असताना वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साचला, ऑटोपायलट, म्हणजे विमान आपोआप चालवणारी यंत्रणा, बंद झाली आणि विमान वैमानिकांच्या हाती आलं ते नेमकं गोंधळाच्या क्षणी. २२८ जण गेले.

तेव्हा आधी एवढंच बघ: चुकलं तर मागे फिरता येईल का? मसुदे, फायली लावणं यंत्राकडे खुशाल सोपव. पैसे पाठवणं, डेटा पुसणं यांच्या आड माणूस हवाच. त्याला नुसतं 'मंजूर' बटण देऊ नकोस. विसाव्या वेळेनंतर बोट आपोआप दाबतं, स्वानुभव आहे. काय बदलणार, किती नोंदींमध्ये, हे समोर दिसू दे. मी अधूनमधून चाचणीची एक चुकीची नोंद मुद्दाम घुसवतो, पकडली जाते का बघायला. सहकारी वैतागतात, वैतागू देत. आणि महिन्यातून एकदा तेच काम हाताने करा, नाहीतर सिस्टिम बंद पडली की पायऱ्या कुणालाच आठवत नाहीत.