ॲनिमे पाहणे ख्रिस्ती घराला शोभते का?

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ आणि ‘डेमन स्लेअर’ या जपानी ॲनिमे, म्हणजे ॲनिमेशन मालिका तो मन लावून पाहतो. आमच्या मंडळीतील एका वडीलजनांनी तरुण संघाच्या सभेत सांगितले की, ॲनिमे हा सैतानाचा सापळा असून ख्रिस्ती घरात त्याला थारा नसावा. मुलगा मला विचारतो, “आई, तू एक तरी भाग पाहिला आहेस का?” मी पाहिलेला नाही. सहा वर्षांची धाकटी मुलगीही त्याच्या शेजारी जाऊन बसते. मी काय करावे?
— एक भगिनी, अहिल्यानगर

उत्तर : प्रिय भगिनी, प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

वडीलजनांची काळजी खरी आहे, पण त्यांनी सरसकट दिलेला निवाडा मला मान्य नाही. अमेरिकेतील पुराणमतवादी ख्रिस्ती प्रसारक पॅट रॉबर्टसन यांच्या ख्रिश्चन ब्रॉडकास्टिंग नेटवर्कने 1981 साली बायबलमधील कथा मुलांना सांगण्यासाठी ‘सुपरबुक’ ही मालिका काढली, ती जपानच्या तात्सुनोको स्टुडिओकडून, म्हणजे ॲनिमेच्याच रूपात. तेव्हा दोष चित्रशैलीत नाही. प्रत्येक मालिका स्वतंत्रपणे पारखावी लागते, आणि पारखताना पडद्यावर राक्षस दिसतो की नाही यापेक्षा ती कथा पाहणाऱ्याच्या मनात कशाची ओढ निर्माण करते, हे पाहावे असे मला वाटते.

‘फुलमेटल अल्केमिस्ट’ घ्या. हिरोमु अराकावा यांच्या चित्रकथेवरून 2003 मध्ये एक आणि 2009 मध्ये दुसरी, 64 भागांची मालिका निघाली. एडवर्ड आणि आल्फोन्स हे दोघे भाऊ मृत आईला किमयेच्या बळावर परत आणू पाहतात. मानवी देहाची सामग्री एडवर्डला तोंडपाठ आहे : 35 लिटर पाणी, 20 किलो कार्बन, 4 लिटर अमोनिया, दीड किलो चुना, 800 ग्रॅम फॉस्फरस. ही सामग्री बाजारात मिळते. पण तिच्यातून आई उभी राहत नाही, एक भीषण आकार तेवढा जन्माला येतो, आणि त्या उद्धटपणाची किंमत म्हणून एका भावाचा एक हात व एक पाय आणि दुसऱ्याचा सारा देह जातो. जीवन देणे माणसाच्या हाती नाही, हे इतक्या स्पष्टपणे सांगणाऱ्या कथा आपल्या मुलांना फार थोड्या भेटतात. बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात मंत्रतंत्र आणि मृतांशी संपर्क यांना जी सक्त मनाई आहे, तिची आठवण येथे मुलाला अवश्य द्यावी. कथा त्या मनाईच्या विरुद्ध जात नाही. अडचण वेगळीच आहे. सुरुवातीच्याच भागांत ‘सत्य’ नावाची एक आकृती एडवर्डला सांगते की जग, विश्व, देव, सत्य हे सारे मीच, आणि तूही मीच. निर्माता आणि निर्मिती एकच, हा विचार आपल्या विश्वासाशी मुळीच जुळत नाही. राक्षसांच्या चित्रांपेक्षा मला हे वाक्य अधिक गंभीर वाटते, कारण ते मुलाच्या मनात कोणताही गाजावाजा न करता शिरते.

‘डेमन स्लेअर’मधील राक्षसांशी लढणारा नायक तांजिरो आपल्या तलवारीने मरणाऱ्या राक्षसाचा हात हातात घेतो आणि पुढच्या जन्मी त्याने राक्षस होऊ नये अशी प्रार्थना करतो. शत्रूविषयीची ही करुणा डोंगरावरील प्रवचनाच्या जवळ जाणारी आहे, तर पुनर्जन्माची कल्पना इब्रीकरांस पत्राच्या नवव्या अध्यायाशी विसंगत आहे, कारण तेथे माणसाने एकदाच मरणे आणि त्यानंतर न्याय असे सांगितले आहे. दोन्ही गोष्टी मुलाशी बोलता येतात, आणि बोलाव्यातच.

एका बाबतीत मात्र मी वडीलजनांच्या बाजूने ठामपणे उभा आहे. अनेक ॲनिमेंमध्ये शाळकरी वयाच्या मुलींची शरीरे कथेला काहीही गरज नसताना कामुकपणे दाखवली जातात. त्याला विनोद म्हणणे किंवा जपानी संस्कृती म्हणून सोडून देणे मला पटत नाही. देवाच्या प्रतिरूपाचा तो अपमान आहे, आणि मालिका इतर बाबतींत कितीही चांगली असली तरी ती बंद करावी. ‘डेमन स्लेअर’चा 2021 साली सुरू झालेला एक टप्पा योशिवारा या वेश्यावस्तीत घडतो, तो नववीतल्या मुलाने पाहू नये, असे माझे मत आहे. बाबेलमध्ये दानीएल खास्द्यांची विद्या आणि भाषा शिकला, पण राजाच्या ताटातले अन्न त्याने घेतले नाही. तरुण संघात दानीएलाच्या पुस्तकातील या पहिल्या अध्यायावर चर्चा ठेवल्यास सरसकट बंदीपेक्षा तिचा उपयोग अधिक होईल, असे पाळकसाहेबांना आपण सुचवू शकता.

मुलाचा प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी त्याच्या शेजारी बसून काही भाग पाहा, मगच बंधने घाला. 2009 ची मालिका आपल्या सोबतीने त्याने पाहण्यास माझी हरकत नाही. ‘डेमन स्लेअर’मधील रक्तपात अधिक उघडा आहे, त्याविषयी त्याच्या स्वभावाकडे पाहून ठरवा. धाकट्या मुलीला मात्र दोन्हींपासून दूर ठेवा. 2009 च्या ‘फुलमेटल’च्या चौथ्या भागात एक बाप आपली छोटी मुलगी आणि तिचा कुत्रा यांना एकत्र करून बोलणारा प्राणी घडवतो. तो भाग लागेल तेव्हा ती खोलीत नसावी, आणि पाहून झाल्यावर मुलाशी आपण लगेच बोलावे.