पहिला कॅमेरा घेताय? बॉडी सगळ्यात शेवटी ठरवा

पहिला कॅमेरा कुठला घ्यावा, असं विचारताना तुम्ही तीन नावं दिलीत: सोनी झेडव्ही-ई१० मार्क २, कॅनन आर५० आणि सेकंडहँड सोनी ए७ मार्क ३. आतापर्यंत सगळं फोनवर केलंय; आता बसून घेतलेल्या मुलाखती, घरातले कार्यक्रम आणि फिरतानाचे फोटो असं तिन्ही करायचंय. तिन्ही कॅमेरे चांगले आहेत, कुठलाही घेतलात तरी अडणार नाही. पण तुमची सगळी तुलना बॉडीची, म्हणजे लेन्सशिवायच्या नुसत्या कॅमेऱ्याची आहे आणि लेन्सच्या जागी नुसतं 'किट' (बॉडीसोबत येणारी साधी झूम लेन्स) लिहिलंय. मी असतो तर उलटं केलं असतं. बजेटचा निम्मा भाग आधी लेन्स, माइक आणि ट्रायपॉडसाठी बाजूला काढायचा आणि उरलेल्यात बसेल ती बॉडी घ्यायची.

व्हिडिओसाठी हे जास्तच खरं आहे. फोटो काढताना उजेड कमी पडला आणि समोरचा स्थिर बसलेला असला, तर शटर (प्रकाश आत येण्याचा वेळ) १/१५ सेकंदापर्यंत खाली आणता येतं. व्हिडिओत ती सोय नाही. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शटर साधारण १/५० वर ठेवतात, म्हणजे हालचाल डोळ्यांना सहज वाटते. शटर असं ठरून गेलं की हातात उरतात दोनच गोष्टी, ॲपर्चर (लेन्सचं भोक; एफचा आकडा जितका लहान तितकं ते मोठं) आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता; वाढवली की चित्र दाणेदार होतं). किट लेन्स थोडी झूम केली की एफ/५.६ वर जाते. एफ/१.८ची साधी प्राइम (झूम नसलेली) लेन्स तिच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. म्हणजे संध्याकाळी घरात किट लेन्सला आयएसओ ६४०० लागत असेल तिथे प्राइमवर ६४०-८०० मध्ये भागतं. हा फरक कुठलीही नवी बॉडी भरून काढत नाही.

फुल फ्रेमचा, म्हणजे ए७ मार्क ३ मधल्या मोठ्या सेन्सरचा, मोह सगळ्यांनाच होतो. त्या सेन्सरचं क्षेत्रफळ एपीएस-सीच्या (बाकी दोघांतला लहान सेन्सर) सव्वादोनपट किंवा थोडं जास्त, म्हणजे फायदा साधारण एका स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). पण ए७ मार्क ३ घेऊन पैसे संपले आणि त्यावर एफ/४ची झूम लावली, तर तो स्टॉप तिथेच गेला. एपीएस-सीवर एफ/२.८ लावणारा माणूस तुमच्या बरोबरीला आला. वजनही बघा. एपीएस-सीसाठीची सिग्माची १८-५० एफ/२.८ सुमारे २९० ग्रॅमची आहे, तर फुल फ्रेमसाठीची टॅमरॉन २८-७५ एफ/२.८ (दुसरी आवृत्ती) ५४० ग्रॅमची. शिवाय ए७ मार्क ३ची स्क्रीन वर-खाली कलते, पण आपल्याकडे वळत नाही, आणि व्हिडिओ ८ बिटचाच, म्हणजे त्यात रंगांच्या छटा कमी. रंगांवर नंतर फार काम करायचं असेल तर १० बिट बरं पडतं. तुमच्या कामात ते लगेच लागेलसं वाटत नाही.

आता स्थिरतेचा मुद्दा. तुमच्या तिघांत बॉडीतलं स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर कमी करणारी सोय) फक्त ए७ मार्क ३ मध्ये आहे. मुलाखत ट्रायपॉडवर असेल तर त्याची गरजच नाही. उभं राहून हातात धरून शूट करायचं असेल तर खूप फरक पडतो. पण चालताना पावलागणिक कॅमेरा जो वर-खाली उसळतो, तो त्याने पुसला जात नाही, त्यासाठी गिंबलच (कॅमेरा स्थिर धरणारं मोटरचं हँडल) हवा. इलेक्ट्रॉनिक पर्याय असतो, पण तो कडेने फ्रेम कापतो. हात लांब करून स्वतःला शूट करत असाल तर अचानक चेहरा स्क्रीनभर होतो आणि मागची जागा दिसेनाशी होते. कॅमेरा हातात घेऊन बघायला मिळाला तर एवढं करा: १/५० शटर लावून कुणाकडे तरी सहा-सात पावलं चालत जा आणि क्लिप फोनवर नाही, मोठ्या स्क्रीनवर बघा. रिव्ह्यू वाचण्यापेक्षा जास्त कळेल.

झेडव्ही-ई१० मार्क २ व्हिडिओला मस्त आहे. १० बिट, ४के ६० फ्रेम, मोठी बॅटरी. पण फोटोवाल्यांनी एक गोष्ट नीट बघावी: त्यात मेकॅनिकल शटर (सेन्सरसमोरचा खरा पडदा) नाही. सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, त्यामुळे काही एलईडी दिव्यांखाली वेगवान शटरला फोटोवर आडवे गडद पट्टे येतात आणि पळतं मूल थोडं तिरकं होतं. व्ह्यूफाइंडरही (डोळा लावून बघायची खिडकी) नाही, आणि भर उन्हात स्क्रीनवर काही दिसत नाही तेव्हा त्याची किंमत कळते. आर५० मध्ये व्ह्यूफाइंडर आहे, ४के ३० फ्रेम पूर्ण रुंदीचा मिळतो, पण बॅटरी लहान आहे आणि हेडफोन लावायला जागा नाही. मुलाखतीत आवाज ऐकत शूट करणाऱ्याला हे खटकेल. सोनीच्या ई माउंटला (माउंट म्हणजे लेन्स बसवायची जागा) इतर कंपन्यांच्या लेन्स सगळ्यात जास्त. कॅननच्या आरएफ माउंटवर एपीएस-सीसाठी सिग्मा-टॅमरॉन २०२४ पासून आले, त्यामुळे तिथे इतर कंपन्यांच्या लेन्स मिळत नाहीत ही पूर्वीची तक्रार आता तेवढी राहिलेली नाही.

मेगापिक्सेलवर वेळ घालवू नका. ४केची एक फ्रेम जेमतेम ८.३ मेगापिक्सेलची असते.

लोक बजेटमध्ये धरायला विसरतात ती वस्तू म्हणजे एनडी फिल्टर, लेन्सवर लावायची गडद काच. भर उन्हात आयएसओ १०० आणि १/५० ठेवलं तर ॲपर्चर एफ/२२ च्या आसपास न्यावं लागतं. एफ/२.८ वर यायचं तर सहा स्टॉप प्रकाश अडवावा लागतो. फिल्टर घेताना सगळ्यात मोठ्या लेन्सच्या व्यासाचा घ्या आणि लहान लेन्सला स्टेप-अप रिंग (तो मोठा फिल्टर बसवणारी कडी) लावा. कार्डाचंही तसंच: १०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट) एका तासाला ४५ जीबी जातात, व्ही३० कार्ड (सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहिणारं) त्या वेगाला पुरतं.

तुमच्या जागी मी आर५०, सिग्मा १८-५० आणि कॉलरचा वायरलेस माइक घेईन. फोटो अधूनमधूनच आणि मुलाखती मुख्य असतील तर झेडव्ही-ई१० मार्क २, लेन्स तीच, ई माउंटची. या लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन नाही, आणि दोन्ही बॉडींतही नाही, हे लक्षात ठेवा. हातात धरून बरंच शूट होणार असेल तर सोनीवर टॅमरॉन १७-७० एफ/२.८ बघा, त्यात आहे. ती जड आहे. ए७ मार्क ३ घ्यायचाच असेल तर एफ/२.८ची लेन्स परवडत असली तरच. आणि सेकंडहँड बॉडी घेताना लेन्स काढून सेन्सर उजेडात धरून बघा, एफ/१६ वर कोऱ्या भिंतीचा फोटो काढून काळे ठिपके तपासा आणि अर्धा तास ४के सलग रेकॉर्ड करून बॉडी किती तापते ते बघा.